टाचणी कुणी टोचली?

बाबांना बँकेचा मेल आला: ‘बंगळुरूहून लॉगिन झाले आहे.’ बेळगावात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी स्वतःच ते केलं होतं, तरी तासभर ते अस्वस्थ होते. तेव्हापासून मी हे आयपीचं गाव ठरवतं कोण, ते शोधत बसलो.

आयपी पत्ता म्हणजे नुसता आकडा, त्यात गाव नसतंच. आपल्या भागासाठी हे आकडे एपनिक या संस्थेकडून येतात आणि नोंदीत असतो तो घेणाऱ्या कंपनीचा पत्ता. आमच्या इंटरनेटवाल्यांचं ऑफिस बंगळुरूला, म्हणून आम्हीही बंगळुरूचे! शेताचा उतारा एकाच्या नावावर आणि कसणारा दुसराच, तसं काहीसं.

मग डेटाबेस बनवणारे अंदाज बांधतात. काचेच्या तारेत प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. म्हणजे संदेश एका मिलिसेकंदात जाऊन परत आला, तर समोरचा १०० किलोमीटरच्या आतच असणार. हे मला फार आवडलं. आणखी सरळ मार्गही आहे: कंपनीनेच ‘हे आकडे या गावी’ अशी यादी जाहीर करायची. २०२० पासून त्या यादीचा ठरलेला नमुनाही आहे, आरएफसी ८८०५. पण ती यादी भरायची सक्ती कुणावर नाही.

आमचा तासभराचा घोर काहीच नव्हे. अमेरिकेतल्या मॅक्समाइंड कंपनीला कित्येक पत्त्यांबद्दल ‘अमेरिकेत’ एवढंच ठाऊक होतं. नकाशाला मात्र बिंदू लागतोच. त्यांनी देशाच्या मध्याजवळचा सोपा आकडा घेतला, ३८ उत्तर, ९७ पश्चिम. तो पडला कॅन्ससमधल्या पॉटविन गावाजवळच्या एका शेतघरापाशी. ६० कोटींहून जास्त आयपी पत्ते त्या एका घराला चिकटले. चोरी झालेले, फसवले गेलेले लोक आणि पोलीस वर्षानुवर्षं तिथेच येऊन थडकायचे. घरच्यांना कारणच कळेना. २०१६ मध्ये पत्रकार काश्मीर हिल यांनी ते शोधून काढलं, तेव्हा कंपनीने तो बिंदू विचिटाच्या पश्चिमेच्या एका तलावात नेऊन ठेवला.

त्यांच्या नोंदीत चुकीला किती किलोमीटरची जागा सोडायची, तो आकडाही असतो. नकाशा दाखवणारे बहुतेकदा तो गाळतात आणि टाचणी तेवढी ठेवतात.