मानेतले उसवलेले अस्तर

आम्ही पडलो कारकून. बी.कॉम.च्या पुस्तकांत शरीरशास्त्र नव्हते. वस्तीतल्या कुणाला दवाखान्यात ने, कुणाचा केसपेपर काढ, कुणासाठी रक्ताची बाटली मिळव, ही कामे वर्षानुवर्षे केली. पण माणसाच्या मानेत नेमके काय असते हे आम्ही कधी विचारले नव्हते. गेल्या पावसाळ्यात ते विचारण्याची पाळी आली.

आमचे मेहुणे, वय 38. ना बिडी, ना दारू, ना साखर, ना रक्तदाब. रविवारी दाढी-कटिंगला गेले. डोक्याची मालिश झाली, शेवटी मान झटक्याने दोन्हीकडे फिरवून 'कट्' आवाज काढून झाला. घरी येऊन म्हणाले, "दाजी, डोकं अगदी हलकं झालं!" संध्याकाळपासून मानेची डावी बाजू कानामागपर्यंत ठणकू लागली. आम्हीच बाम चोळला. दुसऱ्या दिवशी डावी पापणी थोडी खाली आलेली दिसली. आम्ही म्हणालो, झोप झाली नसेल. शेजारच्या आजी म्हणाल्या, नजर लागली. त्यांना आम्ही अंधश्रद्धेवर दहा मिनिटे व्याख्यान दिले, पण दवाखान्यात काही नेले नाही. आमच्या 'झोपेत' आणि आजींच्या 'नजरेत' तसा फरक तो काय होता?

चौथ्या दिवशी सकाळी मेहुण्यांच्या उजव्या हातातून चहाचा कप निसटला आणि शब्द तोंडात अडखळू लागले. मग मात्र रिक्षा केली.

इस्पितळात मानेचा फोटो काढल्यावर डॉक्टरबाईंनी केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावले. मेंदूला रक्त नेणारी एकेक मोठी धमनी मानेच्या दोन्ही बाजूंनी वर जाते. कंठमण्याच्या आसपास तिला दोन फाटे फुटतात, एक चेहऱ्याकडे, दुसरा मेंदूकडे. म्हातारपणी चरबीचा थर साचतो तो बहुधा या फाट्यापाशी. चीर मात्र पडते ती मेंदूकडच्या फाट्यात, दोन-तीन सेंटिमीटर वर, कवटीच्या खालच्या बाजूला. कारण खालचा भाग मोकळा असतो, मानेबरोबर हलतो. वर मात्र धमनी कवटीच्या हाडातल्या बोगद्यात शिरते आणि तिथे ती पक्की धरलेली असते. मान एकदम वळली किंवा मागे झुकली की मधला भाग वरच्या मणक्यांवर ताणला जातो.

धमनीला आतून अस्तर असते. कोटाच्या बाहीचे अस्तर उसवले की हात बाहीत न जाता अस्तरामागे शिरतो ना, तसेच रक्त भिंतीच्या थरांत शिरते. भिंत फुगते, वाट अरुंद होते, आणि चिरेपाशी धरलेली गुठळी सुटून मेंदूत जाते. पापणीची नस याच भिंतीला लागून वर जाते. ती दबली म्हणून पापणी उतरलेली. म्हणजे दोन दिवस आधीच शरीराने आम्हांला लेखी नोटीस दिली होती!

घरचे सलूनवाल्यावर चिडले. बाईंनी त्यांना थांबवले. मान मोडल्यानेच झाले असे छातीठोक सांगता येत नाही, म्हणाल्या. गाडीचा धक्का, जोराचा खोकला, उलट्या, जड ओझे, यांनीही चीर पडते. काहींची धमनीच जन्मतः नाजूक असते. कधी चीर आधीच पडलेली असते आणि त्याच दुखण्यापायी माणूस मान मोडून घ्यायला जातो. आणि खरे सांगायचे तर 'जरा मान पण मोड रे' असे त्या पोराला आम्हीही दर महिन्याला सांगत होतोच.

दुखणे तसे विरळा, लाखात वर्षाला दोन-तीन जणांना होणारे. गुठळीने होणाऱ्या सगळ्या पक्षाघातांत याचा वाटा शंभरात दोनचाच. पण पन्नाशीच्या आतल्या रुग्णांत तो दहा ते पंचवीस! घरातले कमावते माणूसच अंथरुणाला खिळायचे. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते. म्हणून अशा वेळी बामची बाटली शोधत बसू नये.

मेहुण्यांना रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या सहा महिने चालल्या. पुन्हा फोटो काढला तेव्हा भिंत सांधलेली होती. बोलणे सुधारले, सही मात्र अजून थोडी थरथरते, बँकेत दोनदा करावी लागते. परवा त्याच सलूनमध्ये आमच्याबरोबर दाढीला आले. खुर्चीत बसता बसता त्या पोराला म्हणाले, "फक्त दाढी." पोराने मान हलवली आणि आमच्याकडे बघून विचारले, "साहेब, तुमची?"

आम्हीही म्हणालो, "दाढीच."