बियाण्यांचे विश्वस्त

चैत्र आणि आश्विनातील नवपदाच्या ओळीत काही घरी आयंबिल एकाच धान्याचे होते. अरिहंत पदाचा वर्ण श्वेत, म्हणून त्या दिवशी तांदूळ. सिद्ध पदाच्या रक्तवर्णासाठी गहू. आचार्यांसाठी हरभरा, उपाध्यायांसाठी मूग, साधू पदासाठी उडीद. मीठ-तेलाविना समोर आलेले ते धान्य त्या दिवशी नीट पाहिले जाते. एरवी गव्हाच्या तांबूसपणाकडे कोणाचे लक्ष जाते?

हा तांबूसपणा दाण्याच्या सालीत असतो आणि तो जनुकांनी ठरतो. जगात पांढऱ्या दाण्याचा गहूही आहे. काढणीच्या वेळी पाऊस आला, तर पांढरा दाणा ओंबीतच मोडावण्याचा धोका अधिक. तांबडा सहसा तग धरतो. रंग निदान डोळ्यांना दिसतो. एखादे रोप थंडी सोसते, दुसरे रोगाला दाद देत नाही, हे भेद मात्र प्रसंग आल्याशिवाय कळत नाहीत. सगळे शेत एकाच ठेवणीचे असेल, तर जो रोग एका रोपाला मारतो तो सगळ्यांनाच मारतो.

निकोलाय वाविलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने हे भेद जमवण्यात आयुष्य घातले. अफगाणिस्तान, इथिओपिया, मेक्सिको अशा दूरदूरच्या प्रदेशांतून त्यांनी बियाणी आणली आणि लेनिनग्राडच्या संस्थेत त्यांचा मोठा संग्रह उभा राहिला. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन सैन्याने त्या शहराला वेढा घातला. वेढा ८७२ दिवस चालला. पहिल्या हिवाळ्यात कारखान्यातील कामगार वगळता बहुतेकांच्या वाट्याला दिवसाकाठी अवघा १२५ ग्रॅम पाव येत असे.

संस्थेत मात्र तांदूळ, गहू, मका, डाळी, शेंगदाणे होते. कपाटे भरलेली होती आणि किल्ल्या कर्मचाऱ्यांच्याच हाती होत्या. भाताच्या वाणांची जबाबदारी असलेले दिमित्री इव्हानोव्ह भुकेने गेले, तेव्हा तांदळाची हजारो पाकिटे जागच्या जागी होती. भुईमुगाचे अभ्यासक अलेक्सांद्र श्चुकिन लिहिण्याच्या मेजाशीच गतप्राण झाले. आणखीही काही सहकारी त्या उपासमारीत गेले. याला तप म्हणावे की नाही, हे शास्त्र जाणणाऱ्यांनी ठरवावे. भूक त्यांनी स्वीकारलेली नव्हती, ती लादलेली होती. कपाटाला हात न लावणे मात्र सर्वस्वी त्यांचे होते. परक्याची ठेव सांभाळणाऱ्याला या संयमाचे मोल अधिक कळेल. शिवाय ही ठेव ज्यांची होती, ते अजून जन्मालाही आलेले नव्हते.

स्वतः वाविलोव्ह तेव्हा कैदेत होते. राजसत्तेला मानवणारे खोटे शास्त्र त्यांनी मान्य केले नाही, म्हणून १९४० मध्ये त्यांना अटक झाली. सारातोव्ह शहरात १९२० साली त्यांनी वनस्पतींमधील भेदांविषयीचा आपला नियम मांडला होता. तेथील तुरुंगातच २६ जानेवारी १९४३ रोजी, जगाचे अन्न राखू पाहणारा हा माणूस अन्नावाचून मेला.

इतके करून मूठभर दाणे राखायचे कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर तीसेक वर्षांनी, दुसऱ्याच देशात आणि दुसऱ्याच संग्रहातून मिळाले. १९७० च्या सुमारास आग्नेय आशियात भाताला खुजेपणा आणणारा एक विषाणू पसरला. तपकिरी तुडतुडे तो एका रोपावरून दुसऱ्यावर नेत आणि नव्या, भरघोस उत्पन्न देणाऱ्या वाणांपैकी एकही त्यापुढे टिकेना. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. प्रतिकार सापडला तो एकाच नमुन्यात, आणि त्यातल्याही मोजक्याच रोपांत. तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेला रानभात होता. त्याच्याशी संकर करून घडवलेले ‘आयआर-३६’ हे वाण १९७६ मध्ये शेतकऱ्यांना मिळाले आणि पुढे आशियात लक्षावधी हेक्टरांवर पिकले.

त्या रानभाताच्या शास्त्रीय नावातला ‘निवारा’ हा शब्द संस्कृतातील ‘नीवार’ वरून घेतलेला आहे. संस्कृत काव्यांतील तपोवनांत भेटणारे, न पेरता उगवणारे हेच ते धान्य. त्याचा दाणा पिकताच गळून पडतो, म्हणून शेतकऱ्याच्या लेखी त्याला किंमत नाही. भाताच्या खाचरात ते उगवलेले दिसले, की निंदणीला आलेल्या बायका ते उपटून बांधावर टाकतात.