डाव्या बाजूचे खण

उजव्या हाताच्या तर्जनीचा मधला सांधा गेल्या पावसाळ्यापासून वाकेनासा झाला आणि माझ्याच होडीतले माझेच खण मला उघडेनात. या दारांना मूठ नाही, कारण अरुंद केबिनमध्ये मूठ बरगडीत बसते. आहे ते एक गोल भोक. त्यात बोट घालायचं आणि मागचा चाप उचलायचा. भोकाची कड मी अशी गुळगुळीत घासली आहे की बोट आपसूक आत जातं. पाहुणा केबिनमध्ये उतरला की काहीतरी निमित्त काढून मी त्याच्यासमोर एखादं दार उघडतोच.

माझं भांडण डाव्या बाजूशी आहे. मांडव्याहून दुपारी मुंबईला परत निघालं की वायव्येचा वारा डाव्या अंगावर येतो, होडी उजवीकडे कलते आणि उजवीकडचं सामान शहाण्यासारखं भिंतीला टेकून बसतं. डावीकडचं सगळं मात्र दारावर रेलतं. पाने, शॅकल, डबे, पंपाचे सुटे भाग. चाप कडक केला तर बोटाला उचलत नाही, नरम केला तर डबे अंगावर. उघडतानाच लाट आली तर बोट भोकात आणि दार भलतीकडे.

सगळं करून पाहिलं. सागाची खिट्टी पावसाळ्यात फुगून बसते आणि जानेवारीत खुळखुळते. उचलल्याशिवाय न सरकणारा, खाचेचा ड्रॉवर उत्तम. पण होडी लाटेवरून आपटली की तो स्वतःच क्षणभर उचलला जातो, आणि तेवढा क्षण त्याला पुरतो. चुंबक लावा, असं फ्लॅटचं फर्निचर करणारे सुचवतात. त्याच भिंतीच्या पलीकडे होकायंत्र आहे, हे त्यांच्या गावीही नसतं. बरं, दार घट्ट बसलं की आत बुरशी. म्हणून मी दारांत वेताची जाळी बसवली. ती दिसतेही छान. खरं सांगायचं तर आधी ती छान दिसते म्हणून बसवली, हवेचं कारण मागाहून सुचलं.

हल्लीच्या कामांबद्दल न बोललेलं बरं, पण बोलतो. आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय आणायचा, कापलेल्या कडांना इपॉक्सी न लावताच वर चकचकीत लॅमिनेट डकवायचं आणि ३०४ ग्रेडच्या स्टीलच्या बिजागऱ्या ठोकायच्या. खाऱ्या हवेत त्यांवर तपकिरी डाग उमटतात. ३१६ चे दोन पैसे जास्त द्यायला जिवावर येतं. त्याहून सोपी जमात प्लास्टिकच्या चौकोनी डब्यांची. होडीच्या पोटात काटकोन कुठेच नाही. डब्यामागे उरणाऱ्या पोकळीत दोरांची दोन वेटोळी सहज मावली असती. याच मुंबईत सागवानात बांधलेल्या ३२ फुटी ‘सुहेली’तून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ साली ३१२ दिवस कुठेही न थांबता, एकट्याने जगाला फेरी मारून आले. तेवढ्या दिवसांचा शिधा तेवढ्या पोटात बसला होता. ती होडी बांधणाऱ्यांशी माझं नातं शून्य, पण गिऱ्हाइकासमोर ‘सुहेली’चं नाव मी घरचं असल्यासारखं घेतो.

बोट दुखायला लागल्यावर भाची मदतीला येऊ लागली. हात चांगला, सुतारकामात रस नाही. मी चापाची स्प्रिंग तासून देत होतो, तेव्हा म्हणाली, “मामा, मुळात दार हवंय कशाला?”

तिने जुन्या मेनसेलच्या डेक्रॉनचे कप्पे शिवले. मी मनातून खूश होतो, कारण डावीकडे टांगलेलं कापड कलल्यावर आतल्या बाजूला लोंबणार आणि त्याचं तोंड उघडं पडणार, हे मला ठाऊक होतं. ते तिलाही ठाऊक होतं. तिने खालची कड भिंतीलाच पट्टी मारून पक्की केली, तोंडाच्या शिवणीत शिडातली जुनी बॅटन कापून सरकवली आणि वरून झडप इलॅस्टिकच्या दोरीत अडकवली. वारा खात, कललेल्या होडीत, अंधारात, डाव्या हातानेही झडप उघडते. हवा खेळते. वजन नाहीच म्हणायचं. डेक्रॉन रात्री कुरकुरतं, ही तक्रार मी ताबडतोब नोंदवली.

पाने आणि हातोडी मात्र कापडात नकोत, असा हट्ट मी धरला आणि तो तिने मान्य केला. टोकदार लोखंड आपटून आपटून शिवण खातं, हे कारण खोटं नाही. त्यामुळे डावीकडचं सगळ्यात खालचं दार शाबूत राहिलं. बाकीची काढून मी घरी पलंगाखाली ठेवली आहेत, बिजागऱ्यांसकट, कोणी मागितली तरी द्यायची नाहीत म्हणून.

त्या एका दारासाठी आता बोटाऐवजी कोपराने दाबायचा चाप करतोय. पितळेची पट्टी, मागे सागाचा ठोकळा, मध्ये तिरपी खाच. सामान जितकं दारावर रेलेल, तितकी पट्टी खाचेत रुतावी असा बेत आहे. अडचण एवढीच की कोपराने दाबायचं तर खांदा दारासमोर येतो आणि दार खांद्यावरच उघडतं. बिजागरी खाली घेऊन पाहीन म्हणतो. भाचीला अजून दाखवलेला नाही.