रिकामी खुंटी

फुटबॉलचा आणि आमच्या घराचा कधी काळी संबंध येईल असे मला वाटले नव्हते. आमचे अंबेजोगाई गाव योगेश्वरीचे, मुकुंदराजांचे आणि दासोपंतांचे. येथील मुले हुतुतू खेळत वाढली, पुढे क्रिकेटच्या नादी लागली. फुटबॉलला येथे फारसे कोणी विचारीत नाही. परंतु योगेश्वरी ही कोकणस्थांची कुलदेवता. त्यामुळे मार्गशीर्षातील नवरात्रात कोकणातून, पुण्याहून, क्वचित गोव्याहूनही कुटुंबे दर्शनास येतात. गेल्या नवरात्रात असेच एक गोव्याचे शिक्षक सहकुटुंब आमच्याकडे उतरले, आणि त्यांच्याबरोबर हा खेळ आमच्या ओसरीवर आला.

त्या वेळी घरात एक अबोल तंटा चालू होता. माझ्या थोरल्या बंधूंचा मुलगा बारावीस होता आणि पुढील शिक्षणासाठी त्याला पणजीस जावयाचे होते. बंधूंची ना नव्हती, वहिनींची ना नव्हती. परंतु आईपुढे तो विषय काढण्यास कोणी धजत नव्हते. तिचा धाकटा मुलगा, माझा पाठचा भाऊ, नोकरीनिमित्त परमुलखात गेला आणि तेथेच अपघातात वारला. त्याला आता सोळा वर्षे होतील. माजघरातील ज्या खुंटीवर तो आपला सदरा अडकवीत असे, ती खुंटी तेव्हापासून रिकामी आहे. घरात माणसे वाढली, खुंट्या अपुऱ्या पडू लागल्या, तरी तिच्यावर कोणी काही टांगू नये अशी आईची इच्छा. एकदा पावसातून येऊन मी तिच्यावर छत्री अडकविली. आई काही बोलली नाही. तिने छत्री काढली आणि दाराशी नेऊन ठेवली. मी मात्र बोललो. "रिकाम्या खुंटीने गेलेले माणूस परत येते काय?" असे म्हणालो. त्या शब्दांची आज मला लाज वाटते.

असो. पाहुण्यांचा मुलगा निळ्या रंगाचा खेळाडूचा सदरा घालून आला होता. माझ्या पुतण्याने तो कोणत्या संघाचा म्हणून विचारले, आणि रात्री जेवणे आटोपल्यावर मास्तर रंगात येऊन सांगू लागले.

गोव्यात हा खेळ १८८३ साली शिवोली येथे फादर विल्यम लायन्स या धर्मोपदेशकाने आणला असे सांगतात. गंमत अशी की, ज्या ब्राझीलला आज जग फुटबॉलचे माहेरघर मानते, तेथे चार्ल्स मिलरने या खेळाचे रोप लावले ते १८९४ साली. म्हणजे गोवा दहा-अकरा वर्षांनी वडील! दोन्ही मुलखांवर राज्य पोर्तुगीजांचे होते. आपण नैवेद्याच्या शिऱ्यात घालतो तो काजूदेखील मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनीच तो गोव्यास आणला. गोवा १९६१ साली स्वतंत्र झाला आणि पुढे खाणींच्या धंद्यातील घराण्यांनी फुटबॉलचे संघ पोसले. धेंपे घराण्याने डिचोलीचा एक क्लब आपल्याकडे घेतला. १९६८ पासून तो धेंपो स्पोर्ट्स क्लब म्हणून ओळखला जातो.

"या आमच्या संघात एक ब्राझीलचा मुलगा होता," मास्तर म्हणाले. "क्रिस्तियानो ज्युनियर त्याचे नाव. पंचविशीचा पोर. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरला फेडरेशन करंडकाचा अंतिम सामना होता. समोर कलकत्त्याचा मोहन बागान. आम्ही दोन गोलांनी जिंकलो, आणि ते दोन्ही गोल त्याचे. दुसरा गोल करतानाच गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली. तो खाली पडला तो पुन्हा उठला नाही."

ओसरीवर कोणी बोलेना. आई आतल्या दाराशी वाती वळीत बसली होती. मला तिच्याकडे पाहवेना. ही गोष्ट आजच निघावयास नको होती, असे वहिनींच्याही मुद्रेवर दिसत होते. परदेशी गेलेल्या मुलाची, आणि तीही अशी!

थोड्या वेळाने आईनेच विचारले, "मग त्याची जागा कोणास दिली हो?"

"आजी, मैदानावर त्याच्या जागी दुसरा खेळला. पण त्याच्या अंगावर दहा क्रमांकाचा सदरा असे, तो पुन्हा कोणास द्यावयाचा नाही असे क्लबाने ठरविले."

"आणि खेळ?"

"खेळ थांबला नाही. त्याच हंगामात, २००५ साली, राष्ट्रीय साखळी स्पर्धा आमच्या संघाने प्रथमच जिंकली."

आईने वाती डब्यात ठेवल्या, झाकण लावले आणि "उद्या काकडआरतीस उठायचे आहे," एवढेच म्हणून ती आत गेली.

मागाहून मी त्या संघाची आणखी माहिती मिळविली. २०१२ पर्यंत त्यांनी देशातील सर्वोच्च साखळी स्पर्धा एकूण पाच वेळा जिंकली; २००८ साली आशियाई महासंघाच्या करंडकात उपांत्य फेरी गाठली. पुढे पडते दिवस आले. २०१६ साली महासंघाच्या धोरणाच्या निषेधार्थ गोव्याचे मोठे क्लब राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले, त्यांत हाही होता. २०२४-२५ च्या हंगामात तो आय-लीगमध्ये परतला. एका प्रांताचा संघ; परंतु सात समुद्रांपलीकडून आलेल्या मुलाला त्याने आपल्या घरचा मानला आणि त्याच्या पश्चात त्याचा क्रमांक राखला. याला खुळी माया म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही. मग आईच्या खुंटीला मी ते नाव कोणत्या तोंडाने दिले होते?

पाहुणे निघाले त्या सकाळी आईने मास्तरांना खण-नारळाबरोबर देवीचा अंगारा दिला आणि म्हणाली, "जूनमध्ये आमचा नातू तुमच्या गावी येईल. त्याच्यावर लक्ष असू द्या." पुतण्या चमकून पाहू लागला. ती त्याला म्हणाली, "तिकडे फुटबॉल खेळशील तर खेळ. पण पायांना जप, आणि दर रविवारी फोन कर."

जूनमध्ये तो गेला. त्याचा एक जुना सदरा माजघरात त्याच्या स्वतःच्या खुंटीवर आहे. शेजारची खुंटी रिकामीच आहे. पावसाळ्यात छत्री मी आता दाराशीच ठेवतो.