डांबराखालचा पत्रा

स्टँडर्ड हेरल्ड ही मद्रासची गाडी. मूळची इंग्लंडातली १९५९ सालची ट्रायम्फ हेरल्ड, घडण इटलीच्या जोवान्नी मिकेलॉत्तीची. पण १९६१ ते १९७१ ती वंडलूरच्या कारखान्यात बनली आणि पुढे तिला चार दारंही मिळाली. इंग्लंडातल्या हेरल्डला ती कधीच नव्हती.

पेरांबूरच्या रेल्वे डबे कारखान्यात नोकरीला आलेल्या एका मराठी गृहस्थांनी जुनी हेरल्ड घेतली आणि तिच्या फ्लोअरवर डांबरी कोटिंग करून घेतलं. मागच्या सीटवर बसणाऱ्या मुलाला फरक लगेच कळला. आधी खडी पत्र्यावर ताडताड आपटायची. आता पुढे बसलेल्या आईबाबांचं बोलणं ऐकू येऊ लागलं: गावची शेती, बदलीची शक्यता, आजीचं दुखणं. घरातल्या कितीतरी गोष्टी त्याला या गाडीतच कळल्या. पत्र्याची थरथर डांबराचा जड, चिवट थर स्वतःत घेतो आणि तिची किंचित उष्णता करतो, हे त्यानं पुढे इंजिनियरिंगला वाचलं. मे महिन्यात मात्र गाडीभर डांबराचाच वास असे.

वडील गेले, गाडी शेडमध्ये राहिली.

डिसेंबर २०१५च्या चेन्नईतल्या पुरात तिच्यात पाणी शिरलं. वरची मॅटिंग वाळली. पण जुना थर कडांना सुटला होता. त्याच्या फटींत शिरलेलं पाणी तिथेच मुरलं. या दमट, खाऱ्या हवेत असं पाणी पत्रा आतून खातं आणि वरून काहीच दिसत नाही. सीट काढून मुलानं ड्रायव्हरच्या पायाखाली स्क्रू-ड्रायव्हर दाबला, तो थेट आरपार गेला. हेरल्डची चॅसिस वेगळी असते, म्हणून हा फ्लोअर कापून नवा जोडता येतो, हे तिचं मोठं सुख.

थर काढायला हीट गन चालते, पण चेन्नईच्या उन्हात आधीच मऊ झालेलं डांबर तिनं चिकट होऊन पसरतं. शिवाय पेट्रोलची लाइन जवळ. त्यानं ड्राय आइस आणला. उणे ७८ अंशांना डांबर काचेसारखं ठिसूळ होतं, हातोडीच्या हलक्या ठोक्यानं त्याचे तुकडे उडतात. चारही दारं सताड उघडी हवीत, कारण त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड खाली साचतो. हातमोजे हवेतच. जुन्या कोटिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून कोरडं ग्राइंडिंग मुळीच नको. उरलेले डाग केरोसीनच्या फडक्यानं निघाले.

मागच्या सीटखाली मात्र थर घट्ट होता. तिथे ठोकलं की भरीव, बद्द आवाज येई. कुठेही पोकळ नाही. सगळंच खरवडू या, असं मेस्त्रीचं मत. मुलानं तेवढा भाग राखला, आणि त्याचं बरोबरच होतं: जो थर पत्र्याला अजून धरून आहे, तो उखडला तर पत्राच उघडा पडतो. पुढच्या भागात नवा पत्रा, त्यावर इपॉक्सी प्रायमर, मग ब्युटिलच्या शीट, त्याही फक्त पत्रा जिथे सर्वांत जास्त थरथरतो त्या मधल्या भागावर. पाणी काढायची भोकं साफ करून त्यांची रबरी बुचं पुदुपेट्टैच्या बाजारातून आणली.