दगड कुणाच्या हातात, मंत्र कुणाच्या तोंडात?

गेल्या वर्षावासातली गोष्ट. माधवनगरच्या आमच्या विहारात बाहेरगावचे एक भन्ते प्रवचनाला आले होते. त्रिसरण-पंचशील झालं, वंदना झाली, पहिला अर्धा तास दुःख आणि तृष्णा यांवर चांगलं बोलले. मग गाडी घसरली. 'त्यांच्या' दुकानातून माल घेऊ नका, 'त्यांची' संख्या वाढते आहे, आपल्या पोरी सांभाळा. 'ते' म्हणजे कोण हे सांगायची गरज नव्हती. समोर पन्नास-साठ माणसं बसली होती. एकजण उठला नाही. आम्हीही उठलो नाही. दानाचं पाकीट दिलं, वाकून नमस्कार केला, खीर खाल्ली आणि घरी आलो.

बाहेर चपला घालताना यंत्रमागावर काम करणाऱ्या एका पोरानं विचारलं, "दादा, माझ्या शेजारच्या मागावर मुसलमान आहे. आम्ही एका डब्यात जेवतो. उद्यापासून काय करू?" आम्ही म्हणालो, "जेव की." एवढंच. दुसऱ्यानं लगेच मोबाईल काढून ब्रह्मदेशातल्या विराथूचा व्हिडिओ दाखवला. "असा भन्ते पाहिजे आपल्यात!"

मित्रांनो, आम्ही दर २० मार्चला महाडवर भाषण करणारी माणसं आहोत. भाषणाचा मुद्दा ठरलेला असतो. १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी पिऊन लोक मंडपात परतले, आणि गावात अफवा उठवली गेली की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. धर्म बुडाला, ही हाक पुरली. जेवणाऱ्या माणसांवर लाठ्या घेऊन जमाव तुटून पडला. त्या जमावात सगळे काही शेंडीवाले नव्हते. स्वतः देवळाच्या पायरीवरच उभं राहावं लागणारी बहुजन जातींची माणसं त्यात होती. मारहाण संपल्यावर मात्र तळ्याच्या शुद्धीसाठी पंचगव्याच्या घागरी आणि मंत्र घेऊन पुढे आले ते भटजी. रक्त कुणी सांडलं यावर खल झाला नाही. पाणी बाटलं यावर झाला. बाबासाहेबांनी त्या दिवशी आपल्या चवताळलेल्या लोकांना हात उचलू दिला नाही. पण कोर्टाची लढाई सोडली नाही आणि १९३७ साली उच्च न्यायालयात ती जिंकली.

नाशिकला काय वेगळं झालं? २ मार्च १९३० ला काळारामाचे दरवाजे पुजाऱ्यांनी लावून घेतले. रामनवमीच्या रथाच्या दिवशी सत्याग्रहींवर दगडांचा वर्षाव झाला. दगड मारणाऱ्याच्या मनात आपण पाप करतोय असा संशयही आला नसेल. पुरोहिताचं खरं काम तेच असतं. तो स्वतः क्वचितच दगड उचलतो. दुसऱ्यानं उचललेल्या दगडाला पुण्य चिकटवून देतो. पोलिसाला, सावकाराला, पाटलाला हे जमत नाही. ते मारायला लावू शकतात, पण मारून आलेल्याला शांत झोप देऊ शकत नाहीत.

इथवर आमच्या भाषणाला टाळ्या पडतात. कारण इथवरचा पुरोहित परका आहे.

आता पुढचं. श्रीलंकेच्या 'महावंस' या जुन्या ग्रंथात दुट्ठगामणी राजाची गोष्ट आहे. तमिळांशी लढाई जिंकल्यावर राजाला हजारोंच्या मृत्यूची टोचणी लागते. तेव्हा आठ अर्हत येऊन त्याची समजूत काढतात, की तू खरं तर दीडच माणूस मारलास. एकानं त्रिसरण घेतलं होतं, दुसऱ्यानं पंचशील. बाकीचे अश्रद्ध, जनावरांच्या मोलाचे. हे वाचून आम्हाला मनुस्मृतीचा अकरावा अध्याय आठवला. मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, कावळा मारला तर जे प्रायश्चित्त, तेच शूद्र मारला तर. ज्या हिशेबाला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडलाच आग लावली, तोच हिशेब इथे चिवरात बसलेला आहे.

जुनी दंतकथा म्हणून सोडून द्यावी? ३० ऑक्टोबर २०१७ ला ब्रह्मदेशातल्या सितागू सयाडो या अत्यंत आदरणीय भिक्खूंनी लष्करी अधिकाऱ्यांसमोर प्रवचनात हीच गोष्ट सांगितली. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून आराकानमधून लाखो रोहिंग्या बांगलादेशात पळाले होते. गावं जळत होती. आणि विराथू? तो त्याच्या कितीतरी आधीपासून मुसलमानांच्या दुकानांवर बहिष्कार घाला म्हणून सांगत गावोगाव फिरत होता. आमच्या विहारातलं वाक्य कुठून आलं ते कळलं ना?

आराकान हे नाव आमच्यासाठी लांबचं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ज्यांनी बाबासाहेबांना त्रिसरण-पंचशील दिलं, ते महास्थवीर चंद्रमणी मूळचे आराकानचे. त्याच मातीतला एक भिक्खू आम्हाला माणूस करून गेला आणि त्याच मातीत पुढे चिवर घालून माणसांना माणसांतून काढलं गेलं.

काही कार्यकर्ते म्हणतात, आपल्या धम्माची अशी जाहीर धुणी धुऊ नका, विरोधकांना आयतं मिळतं. आम्हाला हे पटत नाही. विनयातल्या चार पाराजिकांपैकी तिसरं मनुष्यवधाचं. त्यात नुसतं मारणंच नाही, मारायला उद्युक्त करणंही येतं. असं करणारा भिक्खू राहत नाही. त्याला हटकणं म्हणजे धम्माची निंदा कशी? शिवाय भिक्खू कशासाठी, स्वतःच्या पूर्णत्वासाठी की समाजाच्या सेवेसाठी, हा प्रश्न 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रास्ताविकातच बाबासाहेबांनी उभा केला आहे. आणि नागपुरात लाखोंना दीक्षा दिली ती कुणा भिक्खूनं नाही, स्वतः बाबासाहेबांनी, एका उपासकानं. आमच्या हातात काही नाही असं म्हणायची सोय त्यांनी ठेवलेली नाही.

कोसंबीचे भिक्खू आपसात भांडत राहिले तेव्हा तिथल्या उपासकांनी त्यांना भिक्षा घालणं बंद केलं होतं. भिक्खू ताळ्यावर आले. २००७ साली ब्रह्मदेशातल्याच हजारो भिक्खूंनी लष्करी राजवटीकडून दान नाकारून पात्रं उपडी केली. म्हणजे पात्र दोन्ही बाजूंनी बंद करता येतं.

२००९ च्या सप्टेंबरात मिरजेतल्या गणेशोत्सवाच्या कमानीवरून दंगल पेटली आणि सांगली-मिरजेत संचारबंदी लागली, ते दिवस इथल्या कुणाला सांगायला नकोत. हातावर पोट असलेल्याच्या चुली तेव्हा कशा विझल्या हे आमच्या वस्तीला ठाऊक आहे. तरी प्रवचनात आम्ही गप्प बसलो, कारण समोर चिवर होतं. काळारामाच्या दारात दगड उचलणाऱ्यासमोर जानवं होतं. फरक एवढाच की आमच्या हातात अजून खिरीची वाटी होती.

त्या भन्तेंना आम्ही पत्र पाठवलं. उत्तर आलेलं नाही. आषाढी पौर्णिमा जवळ आली आहे, आणि या वर्षी कुणाला बोलवायचं यावर विहार कमिटीत दोन तट पडलेत. एक जण म्हणतो, भन्तेंना नाही म्हटलं तर पाप लागेल. त्यावर मागं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "पाकिटात पैसे माझे जातात. मग पाप कुणाला लागंल ते मीच बघते." बैठक रविवारी संध्याकाळी आहे.