कसलेला हात

ऑक्टोबर ते ईस्टर, जर्मनीत हिवाळी टायरचं पंचांग एवढंच. जर्मनमध्ये दोन्ही शब्द 'ओ'ने सुरू होतात, म्हणून गिऱ्हाइकं 'ओ ते ओ' म्हणतात आणि त्या दोन टोकांना आम्हाला जेवायला फुरसत नसते. कायद्यात तारीख नाहीच. 2010पासून तो इतकंच सांगतो, की रस्त्यावर बर्फ किंवा निसरडं असेल तर उन्हाळी टायरवर गाडी काढायची नाही. डोंगर आणि हिमकण यांची खूण टायरवर हवी. नुसत्या 'एम अधिक एस' अक्षरांवर भागवायची सवलत 2024च्या सप्टेंबरअखेर संपली. टायर कुठला, यावर लोक तासन्‌तास बोलतात. लहान गाडीपुरतं माझं मत दोन वाक्यांत मावतं. फोक्सवागनच्या पोलोला 175/70 आर 14 आणि 215/45 आर 16 ही दोन्ही मापं साधारण सारख्याच उंचीची भरतात, पण विरघळत्या बर्फाच्या चिखलात अरुंद टायर तळ गाठतो आणि रुंद टायर तरंगायला बघतो. तेव्हा अरुंद टायर, साधी लोखंडी चाकं, आणि दिसण्याची हौस उन्हाळ्यासाठी राखून ठेवावी. हा वाद माझ्यापुरता मिटलेला आहे. मिटत नाही ते चाक बसवतानाचं शेवटचं अर्धं मिनिट, म्हणजे बोल्ट नेमका किती आवळायचा हा प्रश्न.

पोलोचा आकडा 120 न्यूटन मीटर. अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी साधारण चोवीस किलोचा जोर. आमच्या धंद्यात हा आकडा हातात असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट समजतात. जसं जुन्या स्वयंपाकिणीला मीठ मोजून घाल म्हणणं हा अपमान, तसंच फिटरला टॉर्क रेंच पुढे करणं. वयाची साठी जवळ आली, अंगठ्याचं मूळ थंडीत कुरकुरायला लागलं, तसा मला या प्रतिष्ठेचा हिशेब नव्याने मांडावा लागला. हात जोर मोजत नाही, तो कष्ट मोजतो, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. थकलेल्या स्नायूला तेच वजन जड लागतं, हे पिशवी घेऊन जिना चढणारा कुणीही सांगेल. म्हणजे सकाळच्या पहिल्या गाडीला हाताने 'झालं' म्हटलं तो आकडा आणि संध्याकाळच्या विसाव्या गाडीला म्हटलं तो आकडा एक असणं शक्यच नाही. हाताला मात्र दोन्ही वेळा सारखीच खात्री वाटते. तरुणपणी हात थकतो आणि रात्रीच्या झोपेने भरून येतो. पुढे ताकद हळूहळू कायमची उतरते, पण खात्री तिच्याबरोबर उतरत नाही. उलट ती वाढते, कारण लोक एव्हाना 'कसलेला हात' म्हणायला लागलेले असतात.

यावर सोपं उत्तर तयार आहे: टॉर्क रेंच घ्या, 'कट्' वाजलं की थांबा. उत्तर बरोबर आहे आणि अपुरंही. रेंचही जे मोजायला हवं ते मोजत नाही. चाक धरून ठेवतो तो बोल्टमधला ताण. बोल्ट किंचित लांबतो, स्प्रिंगसारखा मागे ओढतो आणि चाकाला हबवर दाबून धरतो. रेंच मोजतो तो फिरवायला लागलेला जोर. त्यातला साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांत जिरतो आणि ताणाच्या वाट्याला जेमतेम दहावा हिस्सा येतो. ढोबळ हिशेबाने 14 मिलिमीटरच्या बोल्टवर 120चा आकडा पडला की सुमारे चार टनांचा दाब मिळतो. पाच बोल्टांचे वीसेक टन. पण आटे गंजून घर्षण दीडपट झालं, तर तोच 'कट्' पावणेतीन-तीन टनांवरच वाजतो. आवाजात काडीचा फरक नसतो. लहान गाडीचं वजन ते केवढं, एवढ्यानेही भागेल, असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर असं, की लहान गाडीला बोल्टही लहान आणि कमी असतात. फियाट 500ला चारच, तेही 12 मिलिमीटरचे. शिवाय बोल्टने वजन पेलायचं नसतंच. दोन पृष्ठभाग एकमेकांवर इतके दाबले गेले पाहिजेत, की ते आडवे सरकणारच नाहीत. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969मध्ये दाखवून दिलं, की आडवी थरथर सुरू झाली आणि जोड सरकायला लागली, की घट्ट आवळलेला बोल्टही आपोआप उलटा फिरत सैल होतो. चाक आधी सरकतं आणि बोल्ट त्यानंतर सुटतो. क्रायस्लरच्या जुन्या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांसाठी उलटे आटे असत. चाकाच्या फिरण्याने बोल्ट सुटतील ही त्यामागची भीती खोटी नव्हती, पण खरा उपाय आट्यांच्या दिशेत नसून दाबात होता.

म्हणून माझं सगळं लक्ष रेंचच्या आधीच्या कामावर खिळलंय, आणि तिथेच हे काम अडतं. हिवाळ्यात इथे रस्त्यावर मीठ टाकतात. ते हबच्या तोंडावर आणि लोखंडी चाकाच्या पाठीवर गंजाचे पापुद्रे उठवतं. (रत्नागिरी-मालवणकडच्या गाड्यांना हे काम खारा वारा फुकटात करून देतो. चाकणला बनलेल्या पोलोला बर्फ कधी दिसला नसेल, पण कोकणात राहिली असेल तर तिचा हब इथल्यासारखाच सोलावा लागेल.) त्या पापुद्र्यावर चाक चढवून कितीही नेमका 'कट्' वाजवला, तरी पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये पापुद्रा चुरडतो, चाक केसभर आत बसतं आणि बोल्टचा ताण निघून जातो. बोल्ट लांबलेला असतो तो मिलिमीटरच्याही अंशाने, त्यामुळे केसभर फरक म्हणजे सगळी पुंजी. लोखंडी चाकाचा एक गुण इथे कामी येतो. बोल्टच्या भोकाभोवती पत्रा किंचित उचललेला असतो, तो दबून स्प्रिंगसारखा वागतो आणि थोडं बसणं पोटात घालतो. अलॉयमध्ये ही माया नाही. दुसरी मेख बोल्टच्या खांद्याची. फोक्सवागनच्या मूळ चाकांना गोलाकार खांद्याचा बोल्ट लागतो, बाजारातल्या बहुतेक अलॉयना शंकूच्या आकाराचा. उन्हाळी अलॉय उतरवून मूळ लोखंडी चाकं चढवताना तेच बोल्ट परत लावले, तर आटे जुळतात, लांबी जुळते, 'कट्' वाजतो, फक्त खांदा एका बारीक कडेवर टेकलेला राहतो. ती कड झिजली की बोल्ट सैल. रेंचला हे कळायचं काही साधन नाही. कळू शकतं ते बोटांना, पान्याआधी बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवत आत नेला तर. कचकच, अडखळणं, शेवटी टेकतानाचा बोदा किंवा टणक स्पर्श यांतलं बरंच काही बोटं सांगतात. हाताचा अनुभव मी मोडीत काढत नाही. त्याची जागा शेवटच्या जोरात नसून सुरुवातीच्या हलक्या फिरवण्यात आहे, एवढंच म्हणतो. हवेची गन मात्र पहिल्या क्षणापासून बोल्ट ठोकत आत नेते आणि बोटांची साक्ष काढण्याची संधीच ठेवत नाही.

आक्षेप येतात. पहिला आपल्याकडचा: महामार्गावरचा पंक्चरवाला पान्यावर उभा राहून बोल्ट आवळतो, चाकं कुठे निखळतात? निखळत नाहीत, कारण बनवणाऱ्याने अशा पायांचा अंदाज धरून बरीच सूट ठेवलेली असते. पण ती सूट कायमची नसते. दर वेळी थोडा जास्त ताणलेला बोल्ट एका टप्प्यानंतर मूळ लांबीला परतत नाही, आटे मरतात, आणि रात्री घाटात गाडीतल्या वीतभर पान्याने तो सोडवायची पाळी येते ती ज्याचा पाय नव्हता त्याच्यावर. दुसरा आक्षेप आमच्याच लोकांचा: गंजाने आकडा खोटा होतो तर आट्यांना ग्रीस लावा. इथे चूक उलट्या दिशेला होते. आकडा कोरड्या आट्यांसाठी ठरवलेला असतो. घर्षण कमी झालं की त्याच 120वर ताण कितीतरी चढतो. ग्रीसचा पुसट हात हबच्या मधल्या उंचवट्याला द्यावा, म्हणजे वसंतात चाक चिकटून बसत नाही. आटे आणि खांदा वायर ब्रशने साफ करून कोरडेच ठेवावेत. तिसरा आक्षेप वेळेचा. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. चार हब नीट घासायला जो वेळ लागतो तेवढ्यात शेजारचा गनवाला अख्खी गाडी बाहेर काढतो, आणि दर दोघांचा सारखाच.

आता तर चाक उतरवण्याचीच सवय मोडत चाललीय. 2015मध्ये मिशेलिनचा क्रॉसक्लायमेट आला, त्यानंतर बारमाही टायरवर नाक मुरडायची सोय राहिली नाही. सपाट शहरात, थोडं फिरणाऱ्या लहान गाडीला तो पुरतो, हे मी कुरकुरत मान्य करतो. कुरकुर सगळीच निःस्वार्थी नाही, वर्षातले दोन हंगाम त्याने खाल्ले. पण एक तक्रार धंद्यापलीकडची आहे. दोन-तीन वर्षं न हललेलं चाक हबला असं धरून बसतं, की शेवटी ते मागून हातोड्याने ठोकून काढावं लागतं, आणि तेव्हा हबच्या तोंडाचं जे दर्शन होतं ते पाहून, मधल्या काळात ही गाडी नेमकी कशाच्या जोरावर चालत होती, असं वाटतं.

पन्नास किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासून घ्या, असं बिलावर छापलेलं असतं. शंभरातले फार थोडे येतात. न येणाऱ्यांच्या भीतीने हात काय करतो, हे कबूल करायला हवं: 'कट्' वाजल्यावर तो आणखी थोडं दाबतो, स्वतःचं म्हणून. त्या दाबण्याने सुरक्षितता वाढत नाही हे वर मीच मांडलंय, आणि गंजलेल्या हबवर तर तो जोर निव्वळ वाया जातो. तरी रेंचच्या आवाजानंतर काम संपतं हे हाताला पटत नाही. आवाज त्याचा नसतो ना. त्यामुळे हल्ली मी रेंच 'कट्' झाल्याबरोबर बोल्टवरून काढून खाली फडक्यावर ठेवतो आणि पुढच्या बोल्टसाठी पुन्हा वाकून उचलतो. पाच बोल्ट, चार चाकं, वीस वेळा वाकणं. कंबरेला ते परवडत नाही, पण हात रिकामा राहतो.